टोपीची पिन, मोज्याचा पट्टा आणि दमलेली गाडी : जगातल्या पहिल्या लाँग ड्राइव्हवर निघालेल्या बर्था बेंझची गोष्ट

गाडी पिकअप घेत नाही.

कुठल्याही गॅरेजमध्ये दिवसातून एकदा तरी ही तक्रार ऐकू येतेच. ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी पळत नाही, ओव्हरटेकला निघालं की दम सोडते, चढ लागला की मागचे ट्रकवाले हॉर्न मारून जीव खातात. मग मेकॅनिक बॉनेट उघडतो, चार प्रश्न विचारतो, स्कॅनर जोडून एरर कोड वाचतो आणि दुखणं कुठं आहे ते सांगतो.

आता यातलं एकेक काढून टाका. स्कॅनर नाही, मेकॅनिक नाही, गॅरेज नाही, पेट्रोल पंप नाही. फोन करून विचारावं तर फोन नाही. रस्ते बैलगाडी-घोडागाडीचे. पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्या अख्ख्या जगात बोटावर मोजण्याइतक्या. त्यातली एक घेऊन तुम्ही शंभर किलोमीटरवर निघालाय, सोबत दोन शाळकरी पोरं आहेत आणि गाडीने मान टाकलीय.

ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीत एका ३९ वर्षांच्या बाईवर ही वेळ आली होती. तिचं नाव बर्था बेंझ. हो, मर्सिडीज-बेंझमधलंच बेंझ.

इंटरनेटवर तिची गोष्ट बऱ्याचदा नवऱ्याची गाडी गुपचूप पळवून नेणारी बिनधास्त बायको अशी सांगितली जाते. किस्सा भारी आहे, शेअरही खूप होतो. पण त्या दिवशी रस्त्यात गाडी जेव्हा जेव्हा अडली, तेव्हा तिने नेमकं काय केलं, हा भाग त्यात दोन ओळींत उरकला जातो. खरी मजा तिथेच आहे.

हुंडा मोडून कारखाना वाचवला

बर्थाचा जन्म ३ मे १८४९ चा. गाव फॉर्झहाइम, तेव्हाच्या बाडेन संस्थानातलं. सोन्याच्या दागिन्यांसाठी हे गाव आजही ओळखलं जातं. वडील कार्ल फ्रीडरिश रिंगर सुतारकाम आणि बांधकामाच्या धंद्यात होते आणि चांगला पैसा बाळगून होते. बर्था जन्मली तेव्हा वडिलांनी घरच्या बायबलमध्ये पुन्हा मुलगीच झाली अशी खंत लिहून ठेवली होती, आणि मोठेपणी ती नोंद बर्थाच्या वाचनात आली, असं सांगतात.

१८६९ च्या जूनमध्ये एका मंडळाची सहल माउलब्रोनच्या जुन्या मठाकडे निघाली होती. तिथं तिची ओळख कार्ल बेंझ नावाच्या तरुण इंजिनिअरशी झाली. कार्लचे वडील रेल्वे इंजिनचे ड्रायव्हर, पण ते कार्ल दोन वर्षांचा असतानाच गेलेले. आईने काटकसर करून मुलाला शिकवलं. कार्लकडे पैसा नव्हता. डोक्यात एकच खूळ होतं, घोड्याशिवाय चालणारी गाडी. रिंगर साहेबांना असा जावई फारसा भावण्याचं कारण नव्हतं. बर्थाला मात्र ते खूळ पटलं होतं.

१८७१ मध्ये कार्लने मानहाइम शहरात ऑगस्ट रिटर नावाच्या भागीदारासोबत छोटा कारखाना काढला. भागीदार भरवशाचा निघाला नाही आणि धंदा बुडायची वेळ आली. तेव्हा बर्थाने लग्नाआधीच आपला हुंडा वडिलांकडून मागून घेतला आणि त्या पैशातून रिटरचा हिस्सा विकत घेऊन त्याला बाहेर काढलं. ही वेळ महत्त्वाची होती. त्या काळच्या कायद्यात लग्नानंतर बाईच्या पैशाचे व्यवहार नवऱ्याच्या हाती जात. म्हणजे गुंतवणूकदार म्हणून तिला जे करायचं होतं, ते लग्नाआधीच करायला लागणार होतं, आणि तिने केलं. २० जुलै १८७२ ला दोघांचं लग्न झालं.

पुढची काही वर्षं ओढाताणीची. यूजीन, रिचर्ड आणि क्लारा अशी तीन मुलं झाली. कारखाना चालत नव्हता. निकोलाउस ऑटोच्या फोर-स्ट्रोक इंजिनावर पेटंट असल्यामुळे कार्ल टू-स्ट्रोक इंजिनाच्या मागे लागला होता, आणि ते काही केल्या चालू होईना. १८७९ च्या ३१ डिसेंबरला रात्रीचं जेवण झाल्यावर बर्थानेच आग्रह धरला की चल, आणखी एकदा बघू. दोघं वर्कशॉपमध्ये गेले आणि त्या रात्री इंजिन धडधडायला लागलं. थांबलंच नाही. नवीन वर्षाच्या घंटा त्यांनी इंजिनाच्या आवाजासोबत ऐकल्या. हा किस्सा कार्लने म्हातारपणी लिहिलेल्या आत्मचरित्रात आहे.

पेटंट मिळालं, गिऱ्हाईक कुठाय?

१८८३ मध्ये नवे भागीदार घेऊन बेंझ अँड कंपनी सुरू झाली. कारखान्यात लागणारी, एका जागी बसवायची गॅस इंजिनं विकून चार पैसे यायला लागले आणि कार्ल पुन्हा गाडीकडे वळला. २९ जानेवारी १८८६ ला त्याने पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट क्रमांक ३७४३५. मोटारगाडीचा जन्मदाखला म्हणतात तो हाच कागद. त्यावर बर्थाचं नाव नाही.

गाडी तीन चाकांची. एकच सिलिंडर, ९५४ सीसी, पण ताकद एका हॉर्सपॉवरपेक्षाही कमी. आज आपल्याकडची साधी ११० सीसीची स्कूटर सात-आठ हॉर्सपॉवर देते, त्यावरून अंदाज करा. वेग ताशी १६ किलोमीटरच्या आसपास. इंजिन सुरू करायचं तर मोठं फ्लायव्हील हाताने फिरवावं लागायचं.

३ जुलै १८८६ ला मानहाइमच्या रस्त्यावर ती लोकांसमोर धावली. पण लोकांनी बघितली, हसले, घरी गेले. विकत कोण घेणार? कार्ल स्वभावाने बारकाईवाला. अजून हे सुधारू, अजून ते बदलू, यातच त्याचे दिवस जात. दोन वर्षं होत आली. गाडीची तिसरी सुधारित आवृत्ती तयार झाली, तिची ताकद दोन हॉर्सपॉवरच्या घरात गेली. पण ही गाडी शहराबाहेर, लांबच्या रस्त्यावर, खाच-खळग्यांत आणि चढ-उतारांवर चालते का, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. कारण तसं कोणी करूनच पाहिलं नव्हतं.

वर्कशॉपच्या अंगणात गाडी नीट चालणं आणि रस्त्यावर चालणं यात किती फरक आहे, हे आजही सर्व्हिसिंगहून गाडी घरी आणणाऱ्या कोणालाही विचारा. उभ्या गाडीत इंजिन गुणी बाळासारखं वागतं. त्याची खरी परीक्षा लोड आल्यावर होते.

कार्ल झोपेत, तिघं रस्त्यावर

ऑगस्टच्या सुरुवातीला मुलांना सुट्टी लागली होती. यूजीन १५ वर्षांचा, रिचर्ड १४ च्या उंबरठ्यावर. एके दिवशी पहाटे, कार्ल झोपेत असताना, तिघांनी गाडी बाहेर काढली. फॉर्झहाइमला आजीकडे जातोय एवढा निरोप स्वयंपाकघरातल्या टेबलावर चिठ्ठीत लिहून ठेवला. कशाने जातोय ते लिहिलं नाही. मानहाइम ते फॉर्झहाइम हे अंतर त्यांच्या रस्त्याने शंभर किलोमीटरच्या थोडं वर होतं. त्याआधी अशा गाडीतून इतकं लांब जगात कोणीच गेलं नव्हतं.

पहिला टप्पा, हायडेलबर्गपर्यंतचा, सपाटीचा होता. तो निभावला. खरा खेळ त्यानंतर सुरू झाला.

इथं थोडं थांबून एक गोष्ट समजून घेऊ, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. पेट्रोल गाडी पुढं जायला चार गोष्टी जुळून याव्या लागतात. इंजिनात इंधन आणि हवा योग्य प्रमाणात पोचली पाहिजे. ठिणगी वेळेवर पडली पाहिजे. इंजिन फार तापता कामा नये. आणि तयार झालेला जोर चाकापर्यंत पोचला पाहिजे. पिकअप जातो तेव्हा यातलंच काहीतरी बिघडलेलं असतं, नाहीतर यातलं काहीच बिघडलेलं नसतं आणि आपण गाडीकडून तिच्या ऐपतीपेक्षा जास्त मागत असतो. ही पाचवी शक्यता लोक विसरतात. बर्थाला त्या एका दिवसात पाचही भेटल्या.

इंधन. गाडीला आजच्यासारखी वेगळी टाकी नव्हती. कार्ब्युरेटरच्या भांड्यातच सुमारे साडेचार लिटर इंधन मावायचं. म्हणजे वाटेत भरावं लागणार हे नक्की होतं. इंधन म्हणून वापरायचे ते लिग्रोइन, कपड्यावरचे डाग काढायला औषधाच्या दुकानात मिळणारा पेट्रोलियमचा एक हलका प्रकार. विस्लोख नावाच्या गावात पोचल्यावर बर्थाने थेट तिथल्या औषधाच्या दुकानात जाऊन लिग्रोइन मागितलं. विस्लोखचं ते दुकान आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून मिरवतं, आणि तो मान त्याला कोणी नाकारत नाही.

पण भांड्यात इंधन असूनही इंजिन अडलं. भांडं भरलेलं आहे, तरी इंजिनाला मिळत नाही, म्हणजे अडचण मधल्या वाटेत. नळीत कचरा अडकला होता. त्या काळी बायका टोपी केसांवर नीट बसावी म्हणून लांब पिन लावत. बर्थाने ती काढली, नळीत घातली आणि कचरा मोकळा केला.

आज ती नळी आणि ती पिन यांच्या जागी फ्युएल फिल्टर आला आहे. फिल्टर चोंदला तरी गाडी सुरू होते, जागेवर छान चालते, गल्लीत फिरवली तर काही कळतही नाही. हायवेवर जोरात ॲक्सिलरेटर दाबला की मात्र ती उपाशी राहते. कारण जोर जास्त मागितला की इंधनही जास्त लागतं आणि चोंदलेल्या फिल्टरमधून तेवढं येत नाही. म्हणून अनुभवी मेकॅनिक आधी विचारतो की त्रास कधी होतो? कायम, की फक्त जोर मागितल्यावर? या एका प्रश्नात निम्मं निदान होऊन जातं. फ्युएल पंप मंदावला असेल तरी लक्षण जवळपास हेच असतं, त्यामुळे फिल्टर बदलूनही फरक पडला नाही तर इंधनाचा दाब मोजायला सांगायचं.

ठिणगी. बेंझच्या गाडीत बॅटरी आणि कॉइलवर ठिणगी पडायची. रस्त्याच्या हादऱ्यांनी इग्निशनच्या वायरवरचं आवरण झिजलं. उघडी वायर लोखंडाला टेकली की वीज सिलिंडरमध्ये जायच्या ऐवजी बाहेरच निघून जाते आणि ठिणगी पडत नाही, पडली तरी दुबळी. आपल्या भाषेत गाडी मिसिंग मारते. बर्थाने मोजे वर बांधून ठेवायचा पट्टा काढला आणि वायरीचं तेवढं अंग झाकलं. गाडी चालू.

सोशल मीडियावर या पट्ट्याची फार चर्चा होते आणि जरा खिदळून होते. त्यात हसण्यासारखं काही नाही. वीज कुठून गळतेय हे ओळखणं आणि मग आपल्याजवळच्या वस्तूंपैकी वीज वाहून न नेणारी वस्तू कुठली ते सुचणं, हे दोन वेगवेगळे टप्पे आहेत. इंजिन एकाएकी धडपडायला लागलं तर पहिला टप्पाच भल्याभल्यांना जमत नाही.

इंधन कमी पडलं की गाडी हळूहळू मरगळते, ठिणगी चुकली की झटके देते. हा फरक कानाने आणि सीटवर बसल्या-बसल्या कळतो. आजच्या गाडीत स्पार्क प्लग झिजला किंवा एखादी कॉइल गेली की असेच झटके बसतात आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. दिवा नुसता पेटलेला असेल तर गॅरेज गाठायला थोडा वेळ असतो. लुकलुकत असेल तर तशीच रेटू नये, कारण न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लावतं. तो पार्ट कॉइलपेक्षा कितीतरी महाग असतो.

पाणी. या गाडीला आजच्यासारखा बंद रेडिएटर नव्हता. इंजिनाभोवतीचं पाणी उकळून वाफ होऊन जायचं आणि त्यातून इंजिन थंड राहायचं. म्हणजे पाणी सतत कमी होणार. त्यामुळे विहीर दिसो, ओढा दिसो, नाहीतर खानावळ, तिघं थांबायचे आणि पाणी भरायचे. यात हुशारीपेक्षा शिस्तीचं काम जास्त. एकदा जरी आळस केला असता तर इंजिन तापून आखडलं असतं आणि मग पिनेचा, पट्ट्याचा काही उपयोग झाला नसता. आजच्या बऱ्याच गाड्या तापायला लागल्या की स्वतःच ताकद कमी करून घेतात. गाडी अचानक मरगळली तर आधी टेंपरेचरच्या काट्याकडे बघायचं ते यासाठी.

चेन. इंजिन जोरात फिरतंय, आवाजही ठणठणीत, पण गाडी तेवढी पुढं जात नाही. असं झालं तर दोष इंजिनाचा नसतो. जोर वाटेत सांडतो. बेंझच्या गाडीत इंजिनापासून पट्ट्याने आणि मग दोन्ही बाजूंच्या चेनने जोर मागच्या चाकांना जायचा. वापरून वापरून चेन ढिली पडते, दातांवरून घसरते. ब्रुखझाल गावात त्यांनी लोहार गाठला आणि चेनचं काम करून घेतलं. लोहाराने आयुष्यात मोटारगाडी बघितलेली नव्हती, पण चेन म्हणजे चेन.

आज चेनच्या जागी क्लच धरा. पाचव्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएमचा काटा सर्रकन वर जातो आणि वेगाचा काटा तिथल्या तिथेच राहतो, तेव्हा क्लच प्लेट घासलेली असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी प्लग बदला, फिल्टर बदला, इंजेक्टर साफ करा, खिसा रिकामा होईल पण पिकअप येणार नाही. दोन काट्यांकडे एकाच वेळी बघणं हे फुकटचं निदान आहे.

मग चढ आले

फॉर्झहाइमच्या अलीकडचा मुलूख डोंगराळ. इथं गाडी अक्षरशः थांबली. इंधन येतंय, ठिणगी पडतेय, पाणी भरलेलं आहे, चेन ताठ आहे. तरी गाडी चढेना.

बर्थाकडे दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं, कारण बिघडलेलं काहीच नव्हतं. दोन हॉर्सपॉवरच्या इंजिनाला तीन माणसांसकट गाडी उचलून वर न्यायची होती आणि त्या चढाला पुरेल इतका हलका गिअर गाडीत नव्हता. सायकल चालवणाऱ्याला हे लगेच कळेल. चढावर मोठा गिअर ठेवून कितीही जोर लावा, पाय अडकतात. लहान गिअर टाकला की वेग कमी होतो, पण त्याच पायांत चढ पार होतो. माणूस तोच, ताकद तीच, फक्त ती वापरायची पद्धत बदलते.

मग उपाय काय? उतरून ढकलणं. हलका म्हणून रिचर्डला स्टिअरिंगच्या दांड्याशी बसवलं आणि आई आणि यूजीनने मागून जोर लावला. अशा कित्येक चढांवर ती गाडी माणसांच्या बळावर वर गेली.

वर चढलेली गाडी खाली उतरतेच. उताराला ब्रेकचे लाकडी ठोकळे घासून घासून निकामी व्हायला लागले. बाउश्लोट गावात बर्थाने एका चांभाराकडून त्या ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. आज आपण ज्याला ब्रेक लायनिंग म्हणतो, त्याची सुरुवात म्हणून याच चामड्याचा दाखला दिला जातो. लोहार, चांभार, औषधवाला, या तिघांनी मिळून जगातलं पहिलं रोडसाइड असिस्टन्स दिलं म्हणायला हरकत नाही.

(जाता जाता : ब्रेकमुळेही पिकअप जातो, पण तो उलट्या कारणाने. ब्रेक सुटला तरी पॅड चाकाला चिकटून राहिला तर गाडी सतत मागं ओढल्यासारखी वाटते. थोडं अंतर चालवून झाल्यावर एकच चाक इतरांपेक्षा जास्त गरम लागत असेल तर इंजिन उघडायच्या आधी तिकडं बघावं. हात थेट डिस्कला लावू नका, भाजेल. चाकाजवळ नेला तरी कळतं.)

संध्याकाळी अंधार पडता पडता तिघं फॉर्झहाइमला पोचले. दमलेले, धुळीने माखलेले. तिथून कार्लला तार गेली. काही दिवसांनी ते वेगळ्या, थोड्या जवळच्या रस्त्याने त्याच गाडीने परत आले.

कार्लच्या टेबलावर काय ठेवलं?

परत आल्यावर जे झालं, ते या प्रवासाइतकंच महत्त्वाचं आहे.

बर्थाने आणलेल्या तक्रारी दोन प्रकारच्या होत्या. नळीत कचरा गेला, वायर घासली, चेन सैल झाली, या वाटेत निस्तरण्यासारख्या गोष्टी. त्या तिने निस्तरल्याही. पण चढावर गाडी दमते आणि उतारावर ब्रेक पुरत नाही, हा बिघाड नव्हता. ते गाडीच्या रचनेतलं अपुरेपण होतं. ते रस्त्यावर दुरुस्त होणार नव्हतं, कागदावर आणि वर्कशॉपमध्येच होणार होतं. कार्लने तिचं ऐकलं. चढासाठी कमी गतीचा आणखी एक गिअर गाडीत आला. ब्रेकला चामडं आलं.

हा फरक करता येणं ही साधी गोष्ट नाही. नवरा इंजिनिअर, गाडी त्याची, पेटंट त्याच्या नावावर, आणि तिने सांगायचं काय तर इंजिन चांगलं आहे, पण गाडी अजून पूर्ण झालेली नाही. वर्षानुवर्षं घरचा पैसा, हुंडा, तरुणपण या एका यंत्रात घातलेली बाई हे सांगत होती. गाडी विकली गेली नसती तर तिच्याही आयुष्याची सगळी पुंजी पाण्यात गेली असती. तरी तिने दोष झाकले नाहीत.

अनेकजण या प्रवासाला जगातला पहिला मार्केटिंग स्टंट म्हणतात. प्रसिद्धी मिळाली हे खरंच. वाटेतल्या गावांनी घोड्याशिवाय चालणारी गाडी पहिल्यांदा बघितली, चर्चा पसरली. पण नुसता स्टंट असता तर गिअर बदलला नसता. टेस्ट ड्राइव्ह हा शब्द जास्त जवळचा आहे.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये म्युनिकच्या यंत्र प्रदर्शनात बेंझच्या गाडीला सुवर्णपदक मिळालं. पॅरिसचा एमिल रोजे फ्रान्समध्ये बेंझच्या गाड्या विकायला लागला. तीन चाकी मॉडेल सगळं मिळून सुमारे २५ च बनलं, पण १८९४ मध्ये आलेल्या लहान, चार चाकी वेलोने धंदा पालटला. १८९९ या एका वर्षात बेंझ कंपनीने ५७२ गाड्या बनवल्या आणि ती जगातली सगळ्यात मोठी मोटार कंपनी झाली. अंगणात झाकून ठेवलेल्या तीन चाकांपासून अकरा वर्षांत इथवर.

नंतरची बर्था

पुढची कहाणी शांत आहे. धाकट्या दोन मुली, थिल्डे १८८२ मध्ये आणि एलेन १८९० मध्ये जन्मल्या. १९०३ मध्ये कंपनीतल्या मतभेदांमुळे कार्ल कारभारातून बाजूला झाला. कुटुंब जवळच्या लाडेनबर्ग गावात राहायला गेलं. तिथं १९०६ मध्ये मुलांसोबत आणखी एक छोटी कंपनी निघाली, कार्ल बेंझ अँड सन्स. चढावर आईसोबत गाडी ढकलणारी पोरं आता स्वतः गाड्या बनवत होती.

१९२६ मध्ये बेंझ आणि डाइमलर या एकेकाळच्या कट्टर स्पर्धक कंपन्या एक झाल्या आणि मर्सिडीज-बेंझ हे नाव आलं. यातलं मर्सिडीज हे डाइमलरच्या गाड्या विकणाऱ्या एमिल येलिनेकच्या मुलीचं नाव. त्या मुलीचं नाव ब्रँडवर आलं ते वडिलांना आवडलं म्हणून. आडनावातला बेंझ कार्लचा. आज पुण्याजवळच्या चाकणमधूनही याच नावाच्या गाड्या बाहेर पडतात. हुंडा देणारीचं नाव त्यात कुठं शोधायचं हा प्रश्नच आहे.

४ एप्रिल १९२९ ला कार्ल गेला. त्याआधी लिहिलेल्या आत्मचरित्रात बुडत्या दिवसांत आपल्यासोबत एकच माणूस टिकून राहिलं आणि ते म्हणजे बर्था, हे त्याने मोकळेपणाने कबूल केलं होतं. बर्था त्यानंतर १५ वर्षं लाडेनबर्गच्या घरात राहिली.

सन्मान यायला मात्र वेळ लागला. कार्ल्सरूहच्या तंत्रविद्यापीठाने कार्लला मानद डॉक्टरेट १९१४ मध्येच दिली होती. बर्थाला त्याच विद्यापीठाने मानद सिनेटर केलं ते ३ मे १९४४ ला, तिच्या ९५ व्या वाढदिवशी, दुसरं महायुद्ध चालू असताना. दोन दिवसांनी, ५ मे १९४४ ला, ती गेली.

तिच्या प्रवासाला १२० वर्षं झाली तेव्हा, २००८ मध्ये, त्या वाटेला बर्था बेंझ मेमोरियल रूट असं नाव मिळालं. मानहाइमहून फॉर्झहाइमला जाऊन दुसऱ्या वाटेने परत, एकूण १९४ किलोमीटर. रस्त्याच्या कडेला पाट्या आहेत, विस्लोखचं औषधाचं दुकान वाटेतच लागतं, आणि फॉर्झहाइमच्या अलीकडचे चढ आहेत तिथेच आहेत.